माळ घातली, आता काटा कसा ठेवायचा? (किराणा आणि भुसार खरेदी)

वारीचा_वाणी

राम कृष्ण हरी. किराणा दुकान आणि हंगामात सोयाबीन-तुरीची खरेदी, असा धंदा आहे. माळ घेताना एकादशी, हरिपाठ, मांस-मद्य वर्ज्य, वर्षाची वारी हे सगळं नीट समजावून सांगितलं जातं. परद्रव्याला हात लावायचा नाही हेही सांगतात, पण ते परद्रव्य दुकानात नेमकं कुठून सुरू होतं हे कोणी उलगडून सांगत नाही. "देव देवाच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी" हे उत्तर मला नको आहे. कीर्तनाला बसायचं आणि सकाळी पोत्यामागे किलोभर जास्त कापायचं, हे जमणार नाही.

तर जाणकारांनी नेमकं सांगावं:
१) काटा किती अचूक असला म्हणजे तो खरा म्हणायचा? रोज काय तपासायचं?
२) खरेदीत बारदान (रिकाम्या पोत्याचं वजन), ओलावा, कडता यांची न्याय्य कपात किती?
३) आजवर चुकीनं किंवा रीत म्हणून जे जास्त घेतलं गेलं, त्याचं काय करायचं? दिंडीच्या अन्नदानाला दिलं तर चालेल का?
४) उधारीवर व्याज लावावं का?

लंबक

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाटीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: कमाल वजन, किमान वजन आणि 'ई' म्हणजे तपासणीचा अंश (आकडा ज्या टप्प्यानं बदलतो तो). दुकानात साधारण 30 किलोचा, 5 ग्रॅम अंशाचा, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाचा काटा असतो. या वर्गात किमान वजन अंशाच्या वीसपट धरतात, म्हणजे 100 ग्रॅम. त्याखालचं वजन त्या काट्यावर करायचंच नाही. 50 ग्रॅम वेलची किंवा 25 ग्रॅम लवंग या काट्यावर तोलली की 5 ग्रॅमच्या एका टप्प्यात दहा ते वीस टक्के इकडे-तिकडे होतं, आणि तेही दुकानातल्या सगळ्यात महाग मालात. मसाल्यासाठी 1 ग्रॅम किंवा त्याहून बारीक अंशाचा छोटा काटा वेगळा घ्या. मी पाहतो त्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. लबाडी नसते, दुसरा काटा नसतो एवढंच.

वापरातल्या काट्याला कायदा किती चूक माफ करतो तेही माहीत हवं. वरच्या काट्यात अडीच किलोपर्यंत 5 ग्रॅम, दहा किलोपर्यंत 10 ग्रॅम, त्यापुढे 15 ग्रॅम. ही सूट यंत्राच्या मर्यादेसाठी आहे, कमाईसाठी नाही. काटा सतत एकाच बाजूला 4 ग्रॅमनं चुकत असेल तर तो कायद्यात बसला तरी दुरुस्त करून घ्या. दिवसाला तीनशे तोल झाले तर ते 1,200 ग्रॅम होतात.

पडताळणी आणि मुद्रांकन (सरकारी ठसा मारणं) इलेक्ट्रॉनिक काट्याचं दर 12 महिन्यांनी, लोखंडी वजनं आणि दांडीच्या तराजूचं दर 24 महिन्यांनी. ते वैधमापन शास्त्र विभागाकडून होतं आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावायचं असतं. गल्ल्याच्या मागे, देवाच्या तसबिरीआड नव्हे. दुरुस्तीसाठी सील तोडलं की पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय तो काटा वापरता येत नाही. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करा.

आता रोजचं. दुकान उघडलं की दिवाबत्तीच्या आधी काटा सुरू करा आणि पाचदहा मिनिटं तापू द्या. पातळीचा बुडबुडा गोलाच्या मधोमध आहे का बघा. पंखा बंद करून शून्य आलं का, ते बघा. मग मुद्रांकित 5 किलोचं वजन आधी मध्ये, नंतर चारही कोपऱ्यांवर ठेवा. कोपऱ्यावर आकडा बदलला तर आतला लोडसेल (वजन ओळखणारा भाग) किंवा त्याचे स्क्रू बिघडलेत. शेवटी 100 ग्रॅमचं वजन ठेवा. पाच किलोला बरोबर आणि शंभर ग्रॅमला चूक, असंही होतं. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम आहे. काट्याजवळ एक वही टांगा आणि रोजचा आकडा लिहा, म्हणजे काटा हळूहळू सरकतोय हे महिन्याभरात दिसतं.

खंडेनवमीला तराजूची पूजा करतो त्याबद्दल एक सांगायलाच हवं. तांदळाचा एखादा दाणा ताटाखाली सरकून ताट आणि चौकट यांच्यामध्ये अडकतो. मग ताट पूर्ण दबत नाही, आकडा कमी येतो आणि खरेदीच्या वेळी शेतकऱ्याचं वजन कमी भरतं. लोखंडी वजनांवर हळदकुंकवाचे थर साचले की शिशाच्या बुचावरचा मुद्रांकनाचा ठसा बुजतो आणि वजनही वाढतं. पूजा झाली की ताट काढून खाली कोरड्या ब्रशनं साफ करा. वजनं कोरड्या फडक्यानं पुसा. चिंच-राखेनं घासू नका, घासून घासून वजन झिजतं. झिजलेलं वजन विकताना दुकानदाराच्या फायद्याचं आणि मळलेलं वजन खरेदी करताना फायद्याचं, म्हणून दोन्हीकडे लक्ष हवं.

आणि पिशवी, डबा, मिठाईचा खोका यांचं वजन 'टेअर' दाबून वजा केल्याशिवाय तोलू नये. खोक्याचे 60 ग्रॅम काजूच्या भावानं विकले जातात.

मोंढ्यावरून

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लंबक यांनी नीट मांडलंय, फक्त एक जोडतो: खरेदीचा आणि विक्रीचा काटा जमलं तर एकच ठेवा. मोठ्या पोत्यांसाठी प्लॅटफॉर्म काटा वेगळा लागतोच, पण मग त्याच दिवशी एकच पोतं दोन्हीकडे तोलून ताळा घ्या (लहान काट्यावर 30 किलोच्या आत भरून).

बारदान. पद्धत अशी पडलीय की पोत्यामागे सरसकट एक किलो कापायचं. 50 किलोचं नवं तागाचं पोतं साधारण 580 ग्रॅमचं असतं, प्लास्टिक विणीचं तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. एक किलो कुठंच येत नाही. खरी रीत म्हणजे त्या शेतकऱ्याच्याच मालाची दहा रिकामी पोती एकदम काट्यावर टाकायची आणि दहानं भागायचं. समजा 6.1 किलो भरली, तर पोत्यामागे 610 ग्रॅम. चाळीस पोत्यांत सरसकट किलोनं 40 किलो कापले जातात, खरे 24.4. फरक 15.6 किलो, म्हणजे 4,000 रुपये क्विंटलनं 624 रुपये. त्या शेतकऱ्याची एका दिवसाची मजुरी वर निघून जाते. पोती पावसात भिजलेली असतील तर तीच भिजलेली पोती तोला, कारण भरताना तीच तोलली गेली होती.

ओलावा. इथं दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. सोयाबीनला 12 टक्के ओलावा प्रमाण धरतात. त्यावर प्रत्येक टक्क्याला किती कापायचं, यावर अंदाजपंचे दीड-दोन किलो कापतात. हिशोब सोपा आहे. सुकल्यावर पाणी जातं, दाणा तेवढाच राहतो. म्हणून मिळालेलं वजन गुणिले (100 वजा आलेला ओलावा) भागिले 88. क्विंटलला 13 टक्के आला तर 98.86 किलो, म्हणजे 1.14 किलो कपात. 14 टक्क्यांना 2.27, 16 टक्क्यांना 4.55. थोडक्यात टक्क्याला साधारण सव्वा किलोच्या आतच. दोन किलोनं कापलं तर 16 टक्क्यांच्या मालात क्विंटलमागे साडेतीन किलो फुकट घेतले. सुकवायला मजुरी आणि जागा लागते हे खरं आहे. ती वेगळी ओळ टाकून, आकडा आधी सांगून लावा. ओलाव्याच्या नावाखाली लपवू नका.

हा तक्ता 13 ते 18 टक्क्यांपर्यंत मोठ्या अक्षरात लिहून काट्यामागच्या भिंतीवर लावा. शेतकऱ्याला भागाकार करायला लावू नका.

मीटर कसा चुकतो तेही बघा. पीक निवडायचं बटण तुरीवर राहिलं आणि सोयाबीन टाकली की आकडा चुकतो. उन्हात तापलेला माल लगेच टाकला, नमुना मीटरच्या कपामध्ये सैल भरला, बॅटरी उतरली, तरी चुकतो. नमुना वरच्या एकाच पोत्यातून घेतला की काय यायचं ते येतं. परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची पोकळ नळी) लावून किमान पाच-सहा पोत्यांतून, वरून, मधून, खालून घ्या, एकत्र कालवा, तीन वेळा मोजा आणि सरासरी धरा. आकडा शेतकऱ्याला वाचायला लावा. मोजून झालेला नमुना त्याच्याच पोत्यात परत टाका. दिवसभराचे नमुने कोपऱ्यातल्या डब्यात साठले की संध्याकाळी तीस-चाळीस किलो माल होतो, आणि तो कोणाचाही नसतो असं समजून विकला जातो.

कडता म्हणजे घट धरून आधीच कापलेलं वजन. हे पूर्ण बंद करा. काडीकचरा असेल तर चाळून दाखवा आणि जेवढा निघेल तेवढाच कापा. 48.4 भरलं की 48 लिहायचं हेही कडत्यातच आलं. काटा दशांश दाखवतो, मग पट्टीवर दशांश लिहायला काय हरकत आहे?

काटापट्टी दोन प्रतींत करा. एकूण वजन, पोती, दर पोत्याचं बारदान, ओलावा, त्याची कपात, निव्वळ वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम, सगळं लिहा. पैसे तोल झाला त्याच दिवशी द्या.

वारीचा_वाणी

धन्यवाद. पण शेजारचा दुकानदार भाव 50 रुपये वर सांगतो आणि मागून कापतो. शेतकरी भाव ऐकून तिकडे वळतो. त्याचं काय करावं?

मोंढ्यावरून

भाव नका सांगू, हातात काय पडेल ते सांगा. वीस पोती, एकूण 1,000 किलो आले असं धरा. शेजारी 4,050 नं घेतो, बारदान 20 किलो आणि कडता 20 किलो कापतो. उरले 960 किलो, रक्कम 38,880. तुम्ही 4,000 नं घेता, बारदान पोत्यामागे 610 ग्रॅमनं 12.2 किलो, कडता नाही. उरले 987.8, रक्कम 39,512. तुमच्याकडे 632 रुपये जास्त. हाच हिशोब फळ्यावर रोजच्या भावानं मांडा. पहिल्या हंगामात माल कमी येईल हे मान्य करा, त्याची तयारी ठेवा. ज्यानं एकदा तुमची काटापट्टी घरी नेऊन शेजारच्या पट्टीशी लावून बघितली तो पुढच्या वेळी स्वतःहून येतो. आणि शेजाऱ्याचं नाव घेऊन फळा लिहू नका, त्यातून भांडण होतं, हिशोब मागे पडतो.

वीणेकरी

माऊली, तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण तोच अवघड आहे.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मरूपी फुलांनी ईश्वराची पूजा सांगितली आहे. आपण ती ओवी मान डोलावून ऐकतो. काटा हे वाण्याचं स्वकर्म आहे, तेव्हा काट्यावर पडलेलं प्रत्येक वजन हे त्या पूजेतलं फूल. सावता महाराज अरणच्या मळ्यातून हलले नाहीत, ते याच अर्थानं. तुकोबा तर स्वतः वाणी. "जोडोनिया धन उत्तम वेव्हारें" हा अभंग पाठ नसलेला माळकरी सापडायचा नाही, पण त्यातला क्रम आपण विसरतो. आधी उत्तम व्यवहारानं जोडायचं, मग उदास विचारानं वेचायचं. पहिलं पाऊल चुकलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

आता अन्नदान. जुन्या हिशोबपट्ट्या कोणाकडे असतील तर काढून बघा. हमाली, तोलाई, बारदान यांच्या ओळीतच 'धर्मादाय' अशी एक ओळ असायची. शेतकऱ्याच्या पैशातून क्विंटलमागे काही आणे किंवा रुपये कापायचे, आणि त्यातून देवळाला कळस, धर्मशाळेला खोली, वर व्यापाऱ्याच्या नावाची फरशी. पैसे शेतकऱ्याचे, त्याला कोणी विचारलं नाही, पुण्य आणि नाव दुसऱ्याचं. आज पट्टीवर ती ओळ नसते, पण जास्तीचं बारदान कापून त्यातून दिंडीला एक पंगत घातली तर गोष्ट तीच झाली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जे ज्याचं आहे ते आधी त्याला द्यायचं. ते देऊन उरेल त्यातूनच देवाचं नाव घ्यायचं.

कसं द्यायचं? ज्यांची नावं वहीत आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. गेल्या तीन हंगामांच्या काटापट्ट्या काढा. प्रत्येक नावापुढे पोती किती, किती बारदान कापलं, खरं किती असायला हवं होतं, त्या दिवशीचा भाव काय, हे मांडा. आलेली रक्कम त्याला द्या, जमत नसेल तर हप्त्यानं द्या. देताना खूप बोलू नका. "तुमच्या वजनात चूक झाली होती, हे तुमचे पैसे" एवढं पुरे. पाय धरणं, चारचौघांत कबुली देणं, यानं समोरचा अवघडतो आणि पैसे घ्यायला नकार देतो. माणूस वारला असेल तर त्याच्या घरी द्या.

ज्यांची नावं नाहीत, म्हणजे रोजचं फुटकळ गिऱ्हाईक, त्यांचा अंदाज काढा. काटा किती दिवस किती ग्रॅम मागे होता, दिवसाला किती माल गेला. ती रक्कम त्याच गिऱ्हाइकांकडे गेली पाहिजे. तेवढ्या रकमेपर्यंत डाळ, तेल, साखर खरेदीच्या भावात विका. पाटी लावू नका, 'सेल' म्हणू नका.

टाळकरी

वीणेकरी महाराजांचं बहुतेक पटलं, एक पटलं नाही. ज्याचा पत्ताच लागत नाही त्याचं अन्नदानाला दिलं तर त्यात गैर काय? वारीत जेवणारे बहुतेक शेतकरीच असतात.

वीणेकरी

गैर नाही, पण त्याला अन्नदान म्हणू नका आणि पावती स्वतःच्या नावे फाडू नका. ती परतफेड आहे. दिंडीच्या वहीत देणगीदार म्हणून नाव लागलं की पुढच्या वर्षी पंगतीचा मान मिळतो, त्याच्या पुढच्या वर्षी तो मान हक्क होतो. एवढं सांभाळलंत तर शेवटचा उपाय म्हणून चालेल. पहिला उपाय म्हणून नाही, कारण दिंडीला देणं सोपं असतं, घरोघरी जाऊन पैसे परत करणं अवघड.

खतावणी

चौथा प्रश्न राहिलाय.

किराण्याची महिन्याची उधारी आणि सावकारी यांत फरक आहे. माल दिला, पैसे नंतर घेतले, भाव तोच, तर प्रश्न नाही. गडबड दोन ठिकाणी होते. एक, उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव वेगळा लागतो आणि त्याला ते कळत नाही. हे लपवलेलं व्याज आहे. रोख आणि उधार यांचे भाव वेगळे ठेवायचेच असतील तर दोन्ही फळ्यावर लिहा. एमआरपी छापलेल्या मालावर तर वर एक रुपयाही घेता येत नाही, उधारी असो वा थंड केल्याचे पैसे असोत. दुसरी गडबड म्हणजे पेरणीला रोख रक्कम द्यायची आणि माल आपल्यालाच घालायच्या अटीवर पुढे भाव पाडून घ्यायचा.

रोख रक्कम व्याजानं देणं हा महाराष्ट्रात परवान्याचा धंदा आहे, 2014 चा सावकारी नियमन कायदा त्याला लागू होतो. त्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जाला वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. बाकीच्यांना 15 आणि 18. गावात "शेकडा तीन" म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 36. ते तीन ऐकायला लहान वाटतं म्हणूनच चालतं. शिवाय दामदुपटीचा नियम जुना आहे आणि या कायद्यातही आहे: व्याजाची वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. 10,000 मुद्दलावर व्याज म्हणून 10,000 आले की व्याज संपलं. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊ नका, सातबारा गहाण म्हणून कपाटात ठेवू नका, पैसे भरले की त्याच वेळी पावती द्या.

परवाना नसेल तर व्याजाचं नावच नको. मदत म्हणून द्यायचे असतील तर बिनव्याजी द्या, किती परत येतील याची आशा किती धरायची ते स्वतःशी आधी ठरवा आणि माल कुठं घालायचा हे त्याच्यावर सोडा.

उधारी माफ करायची असेल तर त्यालाही पद्धत आहे. तुकोबांनी खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली ही कथा सगळे सांगतात, पण त्यातली अर्धी गोष्ट गाळतात. परंपरा सांगते की त्यांनी आधी भाऊ कान्होबाला त्याच्या वाट्याची निम्मी खतं दिली आणि स्वतःच्या वाट्याचीच बुडवली. दुकान भावाभावांत असेल तर तुम्ही फक्त तुमचा हिस्सा माफ करू शकता. भावाची उधारी परस्पर माफ करून पुण्य मिळवणं हेही परद्रव्यच. तेव्हा यादी करा, भावाबरोबर बसा, तुमच्या वाट्याची नावं ठरवा, खात्यावर आडवी रेघ मारून तारीख आणि दोघांच्या सह्या घाला, आणि त्या माणसाला कळवा. कळवलं नाही तर तो उगाच दुकानासमोरचा रस्ता टाळत राहतो आणि माफीचा त्याला काही उपयोग होत नाही.

मिरजकर_अत्तार

वेगळ्या धर्मातून एक भर घालतो. कुराणात 'मुतफ्फिफीन' नावाची एक आख्खी सूरा आहे, 83 वी. ती सुरूच होते मापात मारणाऱ्यांच्या धिक्कारानं, जे घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. म्हणजे तुम्ही जे घेण्याच्या आणि देण्याच्या काट्याचं बोलताय तेच. आमच्या धंद्यात पातळ माल मापानं जातो, तर एक व्यवहारी सूचना: मापाला आत चिकटून राहणारं तेल किंवा मध गिऱ्हाइकाचा असतो. माप पालथं करून धार तुटून थेंब लागेपर्यंत थांबा, निदान अर्धा मिनिट. आणि फेस बसू दिल्याशिवाय माप भरलं असं धरू नका.

मसाल्यातही बघा. घाऊक मिऱ्यांत पपईच्या बिया येतात. मूठभर पाण्यात टाका, चांगली मिरी बुडते, पपईचं बी तरंगतं. तरंगणारं सगळं पपईच असेल असं नाही, पोकळ हलकी मिरीही वर येते, पण दोन्ही गिऱ्हाइकाला त्या भावानं देण्यासारखी नाहीत. माल परत पाठवा. "आम्हालाच असा आला" म्हणून पुढे विकणं म्हणजे भेसळीत सामील होणं.

हमालपुरा

सगळे काट्यावर बोलताय. पोतं उचलणाऱ्या माणसावर कोणीच आलं नाही, म्हणून लिहितो.

पोतं 50 किलोच्या वर भरू नका. शेतकरी दाबून 65 किलो भरून आणतो, आणि हमाली मात्र पोत्यावर ठरलेली. म्हणजे जास्तीचे पंधरा किलो हमालाच्या पाठीवर फुकट. हमाली वजनावर लावा किंवा जास्त वजनाची पोती तिथंच सोडून दोन करा आणि भरण्याची मजुरी द्या. हमालीची जेवढी रक्कम पट्टीत कापली तेवढीच्या तेवढी हमालाला गेली का, हे संध्याकाळी ताळा करा. मध्ये उरलेला पैसा दुकानाचा नाही. हमालांसाठीचा माथाडी कायदा 1969 पासून आहे. तुमच्या भागात माथाडी मंडळ लागू असेल तर नोंदणी करा आणि लेव्ही (मजुरीवर मंडळाकडे भरायची रक्कम) वेळेवर भरा.

दुकानातल्या पोऱ्याचंही तसंच. दुकानं-आस्थापनांचा 2017 चा कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगारांना लागत होता, त्यात दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 आणि एक सुट्टी होती. तुमच्याकडे दोनच माणसं असतील तरी तेच माप धरा. एकादशीला मालकाचा उपवास असतो, पोऱ्याचा नसतो. त्याला दुपारची जेवायची सुट्टी त्या दिवशीही हवी. बरणी फुटली, उंदरानं पोतं फोडलं, याचे पैसे पगारातून कापू नका. आणि वारीला अठरा-वीस दिवस दुकान बंद ठेवणार असाल तर तेवढ्या दिवसांचा पगार कोण देणार, हे ज्येष्ठातच सांगा. मालकाची वारी पोऱ्याच्या पगारातून होऊ नये.

आणखी एक. कोणाच्या हातावर पैसे ठेवतो आणि कोणाच्या हातात वरून टाकतो, हे बघा. पाण्याचा माठ आणि पेला सगळ्यांना एकच असावा. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तिथं प्राणांतिक उपोषण करावं लागलं. चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर असूनही करावं लागलं. वारीत एकमेकांच्या पाया पडतो, तर दुकानात आल्यावर माणूस बदलायचं कारण नाही.

वारीचा_वाणी

सगळ्यांचे आभार. वही काढून बसलोय. एक शंका राहिली: जुन्या काटापट्ट्या फक्त दोनच हंगामांच्या मिळतायत, आणि त्यांत बारदान वेगळं लिहिलेलं नाही, निव्वळ वजनच आहे.

मोंढ्यावरून

मग पोती मोजा. निव्वळ वजनात सरसकट किलो कापलेला असेल तर पोत्यांची संख्या हमालीच्या आकड्यावरून निघते: हमालीची एकूण रक्कम भागिले त्या हंगामातला पोत्याचा दर. दर आठवत नसेल तर हमालांना विचारा, त्यांना बिनचूक आठवतो. आलेल्या पोत्यांना त्या काळच्या बारदानाच्या फरकानं गुणा. ताग आणि प्लास्टिक मिसळलं असेल तर शंका आली तिथं शेतकऱ्याच्या बाजूनं धरा, म्हणजे पोतं प्लास्टिकचं समजा. भाव त्या तारखेचा बाजार समितीच्या नोंदीतून मिळेल. आणि दिवाळीला नवी वही घालाल तेव्हा पहिल्या पानावर 'श्री' खाली बारदानाचा रकाना आखूनच सुरुवात करा.